आधी डिपॉझिट की आधी जीव?

सुट्टी, सहल, हवापालट हे शब्द आपल्या समाजाच्या घरात फार जुने नाहीत. आमच्या बापजाद्यांनी प्रवास केला तो पोटासाठी, नाहीतर चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीसाठी. चार दिवस मजेत घालवावेत म्हणून बिऱ्हाड बंद करून बाहेर पडणारी आमचीच बहुधा पहिली पिढी. ही पिढी बाबासाहेबांनी घडवली. म्हणून सहलीला जाणाऱ्या आपल्या माणसाकडे पाहून मला राग येत नाही, अभिमान वाटतो. पण सहलीत एखादा माणूस अचानक कोसळला, तर काय होते? ते मी स्वतः पाहिले आहे आणि आज तेच सांगणार आहे.

२०१३ सालचा मे महिना. मी नेरळला राहतो, कर्जतच्या कोर्टात वकिली करतो. माझे मोठे साडू चेंबूरचे, महापालिकेत मुकादम. वय बावन्न. मुलाची बारावी संपली म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांची रजा घेतली. आधी अलिबागच्या समुद्रावर जायचे ठरले होते. पण साडूभाऊ म्हणाले, "वकीलसाहेब नेरळला असताना समुद्रावर कशाला? माथेरान बघू." रविवारी सकाळी आम्ही दोन कुटुंबे झुकझुक गाडीत बसून वर गेलो. मुले खूश, बायका खूश. शार्लोट तलाव झाला, एको पॉइंट झाला. दुपारी जेवून पुन्हा चालू लागलो आणि एका चढावर साडूभाऊ मागे राहिले.

मी वळून पाहिले तर ते दगडावर बसले होते. कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा. म्हणाले, "काही नाही, जेवण जास्त झालं. ॲसिडिटी आहे." आम्ही काय केले? सोडा दिला. ताईंनी पिशवीतून ओवा काढला. मी पाठ चोळली. "जरा चाला म्हणजे ढेकर येईल," असे सांगून आम्ही त्यांना वीस-पंचवीस मिनिटे चालवले. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चढावर चालवले! मी शिकलेला, वकील झालेला माणूस. ही माझी पहिली चूक, आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

बाजारपेठेत पोहोचल्यावर एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, एक गोळी चघळायला दिली, एक जिभेखाली ठेवली आणि सांगितले, "एक पाऊल चालवू नका. ताबडतोब खाली न्या." पण न्यायचे कशात? माथेरानला मोटारगाडी चालत नाही. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडीला बंदी. रुग्णवाहिकेला तेवढी मुभा, पण ती दुसरा रुग्ण घेऊन खाली गेली होती. दस्तुरीपर्यंत अडीच-तीन किलोमीटरचा लाल मातीचा रस्ता. उरला तो घोडा आणि हातरिक्षा. घोड्यावर बसवण्याचा प्रश्नच नव्हता.

हातरिक्षा आली. एक पुढे ओढणारा, दोघे मागून रेटणारे. आणि साडूभाऊ बसेनात! छातीत कळा येत असताना माझा हात धरून म्हणाले, "वकीलसाहेब, माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसू? बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं ते दुसऱ्या माणसाला घोडा करायला नाही." मी काय बोलणार? पुढे उभा असलेला पन्नाशीचा रिक्षावाला म्हणाला, "साहेब, ते उद्या बोला. आता बसा. नाही बसलात तर आम्हाला उचलून न्यावं लागंल." मग ते बसले. तिघे धावत सुटले. मी मागून पळत होतो आणि रिकाम्या हातांनीसुद्धा मला त्यांच्याबरोबर पळवत नव्हते.

दस्तुरीला टॅक्सी मिळाली. तो पुढे ओढणारा माणूस रस्त्याच्या कठड्यावर टेकला, स्वतःच्याच छातीवर हात ठेवून धापा टाकत होता. मी भाडे त्याच्या हातात दिले आणि टॅक्सीत बसलो. त्याच्या छातीचे काय, हे विचारायलाही थांबलो नाही.

घाट उतरून नेरळ, नेरळहून शहराच्या दिशेने. सव्वापाचच्या सुमारास वाटेतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात आम्ही पोहोचलो. चकाचक इमारत, काचेची दारे. रुग्ण चाकाच्या खुर्चीत आणि मी काउंटरवर. पहिला प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे?" दुसरा प्रश्न, "डिपॉझिट पन्नास हजार भरा." रविवार. बँक बंद. एटीएममधून एका वेळी निघणाऱ्या रकमेला मर्यादा. मी म्हणालो, "उद्या भरतो, लिहून देतो." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

वाचकहो, आता माझी दुसरी चूक सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा परमानंद कटारा खटल्याचा निकाल मला तोंडपाठ होता. त्यावर मी भाषणे दिली होती. पण त्या क्षणी मी पहिला फोन केला तो पैशांसाठी. दुसराही पैशांसाठी. अर्धा तास मी भिकाऱ्यासारखा नातेवाइकांना फोन लावत होतो. शेवटी ताईंनी माझा दंड धरून विचारले, "भाऊजी, तुम्ही वकील ना? मग कायदा कुठाय?" तेव्हा मला शुद्ध आली. मी आवाज चढवला, कोर्टाचे नाव घेतले, "नाकारताय हे लिहून द्या, तुमचे नाव सांगा," म्हणालो. तो आवाज ऐकून आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने काउंटरकडे पाहिलेही नाही. खुर्ची स्वतः ढकलत आत नेली, ईसीजी काढला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरू केले. साडूभाऊ वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झाला. पुढे जड काम जमले नाही, नोकरी मुदतीआधी सोडावी लागली. सोड्यात गेलेली मिनिटे, लाल मातीच्या रस्त्यावर गेलेली मिनिटे आणि काउंटरवर गेलेली पस्तीस मिनिटे, या सगळ्यांची किंमत त्या माणसाने शरीरातून चुकवली.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्यापुढचा स्नायू रक्ताविना मरू लागतो. तो एकदम मरत नाही, मिनिटामिनिटाने मरतो. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत मिळालेल्या उपचाराला जी किंमत आहे ती नंतरच्या उपचाराला नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाने दाखवून दिले आहे की, दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतर देशांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी येतो. म्हणजे आमच्याकडे तो म्हातारपणाचा आजार नाही, कर्त्या माणसाचा आहे. घरातला कमावता जातो आणि मुलांचे शिक्षण थांबते.

आता कायद्याकडे येतो. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार. निकालाची तारीख २८ ऑगस्ट १९८९. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने सांगितले, ही पोलीस केस आहे, आमच्याकडे घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. माणूस वाटेत मेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की, संविधानाच्या अनुच्छेद २१ ने जीव वाचवण्याचे बंधन शासनावर घातले आहे, आणि डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. कोणताही कायदा, कोणतीही कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

दुसरा निकाल ६ मे १९९६ चा, पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीचा. हकीम शेख नावाचा मजूर ८ जुलै १९९२ रोजी रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी "खाट नाही" म्हणून परत पाठवले. अखेर खासगीत उपचार करावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. हा खटला कोणी लढवला? शेतमजुरांच्या संघटनेने. संघटना नसती तर हकीम शेखचे नाव आज कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसते.

तिसरे प्रकरण थेट डिपॉझिटचे. कोलकात्यात २००१ साली एका विद्यार्थ्याला बसने धडक दिली. खासगी रुग्णालयाने उपचार सुरू केले आणि १५ हजार रुपये भरले नाहीत म्हणून थांबवले. मुलगा गेला. २००५ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने आईवडिलांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पैशांची वाट पाहत उपचार थांबवणे ही सेवेतली त्रुटी आहे, हे यातून पक्के झाले.

इथे एक गैरसमज दूर करतो. या निकालांचा अर्थ असा नव्हे की खासगी रुग्णालयाने सगळे उपचार फुकट करावेत. अर्थ एवढाच की, आधी जीव वाचवा, रुग्ण स्थिर करा, पैशांचे नंतर पाहा. अर्थात महाराष्ट्रात गरिबासाठी याहून पुढची सोय आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना ठरवून दिली आहे. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला लगेच दाखल करायचे, डिपॉझिट मागायचे नाही, गरज पडली तर सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचवायचे, असे त्या योजनेत स्पष्ट म्हटले आहे. महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता ५ लाख रुपये आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती सनद भिंतीवर शोधली? मी त्या रविवारी शोधली नाही, कारण तेव्हा ती नव्हती. आज आहे.

काउंटरवरच्या त्या अर्ध्या तासात मला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये, काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे प्रकरण नोंदवले आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त त्या शिक्षकाचे पत्र छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी दिली तेव्हा तो आला, तेही बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. दोन दिवसांचे मूल घेऊन बाई बाहेर आली. डॉक्टरने तिला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे, आणि तसेच परत. न्यूमोनिया झाल्याचे सांगून डॉक्टर गेला, पुन्हा आला नाही. बाई मेली.

तिथेही आधी हमी, मग तपासणी! फरक एवढाच की तेव्हा दोन रुपये होते आणि आता पन्नास हजार. तेव्हा जात विचारत होते, आता मेडिक्लेम विचारतात. दार मात्र तेच बंद होते आणि बाहेर उभा राहणाराही बहुतेक वेळा तोच. ज्याच्या खिशात कार्ड नाही, ज्याच्या ओळखीचा कोणी आत नाही, तो आजही वस्तीबाहेर मूल घेऊन उभा आहे.

आणि वाहनाचे? त्याच टिपणांत चाळीसगावची हकिगत आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब तिथे उतरले. स्टेशनपासून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच अननुभवी माणसाने तो हाकला, पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. योग्य वाहन वेळेवर न मिळणे हा नशिबाचा खेळ नसतो, त्यामागे व्यवस्था असते. हे बाबासाहेब स्वतःच्या मोडलेल्या पायावरून सांगून गेले.

आमच्या कर्जत-खालापूर भागात ही व्यवस्था आजही डोळ्यांनी दिसते. डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून रुग्ण झोळीत घालून खाली आणावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, माणसांनी पावसात चालत जाऊन हातांनी ढिगारा उपसला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. मदतीला निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी तो डोंगर चढतानाच हृदयविकाराने गेला. आम्हाला त्या डोंगरावर एका रविवारी जे भोगावे लागले, ते या वाड्यांना पावसाळाभर रोज भोगावे लागते. आमची सहल मोडली म्हणून मी लेख लिहितो आहे. त्यांच्या बाळंतिणीचा लेख कोण लिहिणार?

साडूभाऊंनी हातरिक्षासमोर उभे राहून जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर यायला बारा वर्षे लागली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा संविधानाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमृतसरच्या आझाद रिक्षाचालक संघटनेच्या खटल्यात १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी रिक्षावाल्यांना न्याय दिला होता, त्याला ४५ वर्षे उलटल्यावरही ही प्रथा चालू आहे याची आठवण पीठाने करून दिली. आणि नुसती बंदी घालून न्यायालय थांबले नाही. ज्यांच्या हातातून गाडी जाणार त्यांच्याच हातात ई-रिक्षा यावी, त्यासाठी शासनाने योजना आखावी, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. दादासाहेब गवईंच्या मुलाच्या लेखणीतून हा निकाल यावा, यात चळवळीला समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण समाधानावर थांबून चालणार नाही. परवाना असलेल्या ९४ हातरिक्षावाल्यांच्या पोटाची सोय झाली की नाही, हे पाहणे आपले काम आहे. त्यांच्यातल्याच तिघांनी माझ्या माणसाला पळत खाली आणले होते.

मग आपण काय करायचे? पहिले, छातीत जडपणा, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर ओवा-सोडा नको. माणसाला बसवा, चालवू नका आणि १०८ लावा. ही सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांनिशी महाराष्ट्रात सुरू झाली, आमच्या वेळी ती नव्हती. दुसरे, रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. आमचा खालापूर तालुका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तिसरे, रुग्णालयाने दार अडवले तर भांडू नका, पण गयावयाही करू नका. "नाकारताय ते लिहून द्या," एवढे म्हणा. वेळ लिहा, समोरच्याचे नाव लिहा. पुढे वैद्यक परिषद आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, ग्राहक आयोग आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते, हे ध्यानात ठेवा.

आणि चौथे सगळ्यात महत्त्वाचे. आमच्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर जवळच्या रुग्णालयांची यादी लावा. कुठे ईसीजी निघतो, कुठे जनआरोग्य योजना चालते, कोणते रुग्णालय धर्मादाय आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक स्ट्रेचर घ्या. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात ते सहज येते. वस्तीतल्या दहा पोरांना छाती दाबून श्वास चालू ठेवण्याचे शिक्षण द्या. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपण किमान त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत तरी नेऊ, आणि ते दार उघडायला लावू.

साडूभाऊ आता पासष्टीला आलेत. अजून समुद्र पाहायचा राहिला आहे म्हणतात. मागच्या महिन्यात फोनवर त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, त्या रिक्षावाल्याचं नाव काय होतं हो?" मला सांगता आले नाही. पन्नास हजार रुपयांचा आकडा माझ्या लक्षात राहिला, पण ज्याने धावत खाली आणले त्याचे नाव मी विचारलेच नव्हते. माथेरानला पुन्हा जाईन तेव्हा आधी दस्तुरी नाक्यावर त्याला शोधीन.

जयभीम!